भट्टीत घालण्याआधी एकदा पाहून जा
नागपुरातल्या मोटर आणि ड्राइव्ह संशोधकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांमधले इलेक्ट्रिकलचे विभागप्रमुख, मोटर, ड्राइव्ह आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स या विषयांत संशोधन करणारे आणि करून घेणारे सर्व प्राध्यापक, तसेच एम.टेक. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी यांस

सप्रेम नमस्कार.

मी कामठी रोडवर मोटर भरायचं दुकान चालवतो. तुम्ही रिवाइंडिंग म्हणता, आमची गिऱ्हाइकं 'मोटर भरून द्या' म्हणतात. सत्तावीस वर्षं झाली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, मग काकांच्या दुकानात बसलो तो तिथेच राहिलो. पंखे, कूलर, विहिरीवरच्या मोनोब्लॉक, बोअरच्या सबमर्सिबल, डाळ मिल आणि जिनिंगच्या मोठ्या मोटरी, सगळं येतं. आलेली प्रत्येक मोटर वहीत चढते: तारीख, एचपी, गाव, तारेचा नंबर, टर्न (तारेचे वेढे), कनेक्शन, आणि शेवटच्या रकान्यात 'कशी जळाली'. तो रकाना काकांनी घालून दिला. गिऱ्हाईक भांडायला आलं तर दाखवता यावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

हे पत्र त्या रकान्यामुळे लिहितो आहे.

जळालेली मोटर खोलली की आम्ही छिन्नीने कॉइलची डोकी कापतो आणि स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा बाहेरचा भाग, भट्टीत घालतो. जुनं वार्निश, लेदरॉइडचा कागद, तारेवरचं एनॅमल जळून गेलं की तार ओढून निघते, स्लॉट मोकळे होतात आणि नवं भरायला घेता येतं. मोटर का गेली याचा पुरावाही त्याच भट्टीत जातो. कामठी रोड, इतवारी, हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, जिकडे जाल तिकडे अशी दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानात रोज हेच होतं. मोटर कशी बिघडते आणि कशी टिकवायची हा तुमचा विषय. त्या विषयाचा अस्सल माल तुमच्या विभागापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर रोज राख होतो आहे आणि तो बघायला कोणी येत नाही. मला हे मनापासून लागतं.

जळालेला स्टेटर वाचता येतो. स्टारमध्ये जोडलेली मोटर सिंगल फेजिंगने, म्हणजे तीनपैकी एक फेज तुटून, गेली तर दोन फेजच्या कॉइली काळ्या पडतात आणि तिसरी फेज नवी असल्यासारखी लाल तांब्याची राहते. डेल्टा या दुसऱ्या जोडणीत उलटं दिसतं, एक फेज खाक आणि दोन शाबूत. गोल फिरून ठरावीक अंतरावर तीच नक्षी परत परत येते, त्यामुळे नवशिक्या पोरालाही आठवड्यात ओळखू येते. सगळी वाइंडिंग सारखीच करपली असेल तर लोड जास्त होता, व्होल्टेज पडलं होतं किंवा पंख्याची हवा बंद होती. स्लॉटच्या तोंडाशी कागद फाटून काळं झालं असेल तर मोटर 'बॉडी लागली' म्हणायची, म्हणजे कॉइलची वीज लोखंडात उतरली. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, स्टेटरला घासल्याची चकचकीत रेघ दिसली की समजावं, आधी बेअरिंग गेलं, वाइंडिंग नंतर. आणि बाकी सगळं ठणठणीत, फक्त एका कॉइलमध्ये वाटाण्याएवढी काळी जागा आणि तांब्याचा वितळलेला मणी, असं दिसलं तर टर्नला टर्न लागलेला असतो, म्हणजे एकाच कॉइलचे दोन वेढे आपसात शॉर्ट झालेले. ही शेवटची तऱ्हा काकांच्या वेळच्या पानांवर क्वचितच आहे. गेल्या काही वर्षांच्या पानांवर ती वारंवार भेटते. का, ते पुढे सांगतो, कारण मला वाटतं ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं प्रकरण आहे आणि त्यासाठी मला तुम्हीच लागणार आहात.

आधी उन्हाचं बोलू, कारण नागपूरकराला दुसरं काही आधी सुचत नाही.

मोटर किती तापू द्यायची याचं गणित साधारणपणे ४० अंश सेल्सिअस बाहेरचं तापमान धरून मांडलेलं असतं. आंतरराष्ट्रीय मानक तेच सांगतं, सोबत समुद्रसपाटीपासून १००० मीटरपर्यंतची उंची. उंचीचं आपल्याला काही नाही, नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे. चाळीसचं मात्र आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि एखाद्या वर्षी ४७ ला टेकतो. हे आकडे हवामान खात्याच्या सावलीतल्या पेटीतले. मोटर असते टिनाच्या शेडमध्ये, दक्षिणेकडे तोंड करून, बाजूला स्टार्टरचा लोखंडी डबा.

इन्सुलेशन किती उष्णता सोसतं त्यावरून त्याचा क्लास ठरतो. बी क्लासला १३० अंशांची मर्यादा. त्यातले ४० बाहेरचे, ८० वाइंडिंगच्या तापण्याचे, १० एखाद्या जास्त तापलेल्या जागेसाठी राखलेले. आता शेडमध्ये ५५ असतील तर पूर्ण लोडवर ती जागा १४५ ला जाते. तुम्ही वर्गात शिकवता तो ठोकताळा असा, की दर १० अंशांमागे इन्सुलेशनचं आयुष्य अर्धं होतं. त्या हिशेबाने पंधरा अंश वाढले की आयुष्य साधारण एक तृतीयांश उरतं. २०,००० तासांची मोटर ७,००० तासांवर येते. काही कंपन्या ४५ किंवा ५० अंशांसाठी बनवलेल्या मोटरी देतात, पण दुकानात जाऊन तशी मागणारं गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिलं. लोक एचपी विचारतात आणि भाव विचारतात. वर आम्ही भरलेल्या मोटरीत तार एका क्लासची, कागद दुसऱ्या, वार्निश तिसऱ्याच. क्लास ठरतो तो त्यातल्या सगळ्यात कच्च्या मालावर. मी मोटर भरून देतो तेव्हा ती नक्की कोणत्या क्लासची झाली, हे मला छातीठोक सांगता येत नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी एम.टेक.ची एक मुलगी दुकानात आली. वडिलांची काटोलकडे संत्र्याची बाग, विहिरीवर ५ एचपीची मोटर, दोन वर्षांत तीनदा जळालेली. प्रोजेक्टसाठी गाइडने दिलेला विषय वेगळाच होता, पण तिने स्वतःच्या पैशांनी तापमान मोजायचे छोटे सेन्सर घेतले आणि गावातल्या काही पंपघरांत महिनाभर लावून ठेवले. एक आतल्या हवेत, एक मोटरीच्या बॉडीवर, एक स्टार्टरच्या डब्यात. तिच्या वहीतले आकडे मी पाहिले आहेत. दुपारी शेडमधली हवा बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी वर, आणि डब्यातली त्याहून वर. आमच्या डोळ्यांसमोरचीच गोष्ट, पण आकड्यांत आम्ही ती कधी पाहिली नव्हती. तिने वडिलांना शेडच्या दोन्ही बाजूंनी वर जाळी लावायला सांगितली, टिनावर पऱ्हाट्यांचा थर टाकून घेतला आणि मोटरीच्या पंख्याचं तुटलेलं कव्हर बदललं. ती मोटर माझ्या दुकानात परत आलेली नाही. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये यातलं एक अक्षर गेलं नाही, कारण तो विषय मंजूर नव्हता.

सर, मॅडम, तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि तो तोंडदेखला नाही. व्हीएनआयटी १९६० पासून, व्हीआरसीई होती तेव्हापासून, या शहरात आहे आणि तिथे शिकलेली माणसं देशभर वीज क्षेत्रात आहेत. कोराडीला केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थेचं थर्मल रिसर्च सेंटर आहे आणि त्याच्याजवळच ६६० मेगावॅटचे तीन संच चालतात. अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये थ्री-फेज ड्राइव्हची डब्ल्यूएजी-९ इंजिनं देखभालीला येतात. त्यांच्यात एका काळी जीटीओ थायरिस्टर होते, आता आयजीबीटी आले; दोन्ही मोठा करंट क्षणात चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच. मेट्रो सीताबर्डीहून सुटताना चढत जाणारा जो सूर ऐकू येतो, तो इन्व्हर्टर आणि मोटरीचाच. तो आयजीबीटी घडवणारे बी. जयंत बालिगा मद्रासला जन्मलेले, आयआयटी मद्रासमधून १९६९ साली बाहेर पडले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी हे काम केलं आणि २०२४ साली त्यांना मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळालं. माझ्या दुकानात त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो लावला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे कोण. मी सांगतो, तुमच्या सोलर पंपाच्या डब्यात यांचं डोकं आहे.

पण तुमच्याकडचे प्रबंध आणि पेपर मी मिळतील तसे वाचतो. त्यातली बरीचशी मोटर संगणकात राहते. तिला मिळणारे तीन फेज सारखे, व्होल्टेज नेमकं ४१५, भोवतालचं तापमान लिहायची गरजच नाही. सिम्युलेशन नको असं मी म्हणत नाही. सिम्युलेशन नसतं तर प्रत्येक कंट्रोलर शंभरदा फुटला असता. माझं म्हणणं एवढंच, की त्या मोटरीला नारखेडच्या डीपीवरची वीज द्या आणि मग बघा. डीपीचा एक फ्यूज उडाला की शेतकरी कंडेन्सर लावून थ्री-फेज मोटर दोन फेजवर चालवतो. पाणी सुटलं नाही तर झाड सुकतं, त्याला दुसरा इलाज नसतो. व्होल्टेज ३३० ला आलं की टॉर्क, म्हणजे मोटरीचा फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे ६३ टक्क्यांवर. तिन्ही फेजमध्ये साडेतीन टक्क्यांचा असमतोल असला तर वाइंडिंगचं तापणं जवळजवळ पाव पटीने वाढतं. असमतोलाच्या आकड्याचा वर्ग करून दुप्पट करा, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. हे सगळं एकाच मोटरीवर, एकाच दुपारी, ५५ अंशांच्या शेडमध्ये येतं तेव्हा काय होतं? एकेकटं पुस्तकात आहे. एकत्र माझ्या वहीत आहे. आणि शेतकरी मात्र मलाच येऊन म्हणतो, "भाऊ, तुम्हीच भरून देल्ली ना जी, अन् पंधरा दिवसांत परत जयली. काहून?" त्या 'काहून'चं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही.

आता ड्राइव्हचं, म्हणजे मोटरीचा वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचं. कळमन्याकडच्या एका डाळ मिलमधली २० एचपीची मोटर माझ्याकडे वर्षात तिसऱ्यांदा आली, दर वेळी बेअरिंगसाठी. व्हीएफडी, म्हणजे असाच एक ड्राइव्ह, बसवल्यापासून हे सुरू झालेलं. पहिल्यांदा मी म्हटलं ग्रीस चुकलं, दुसऱ्यांदा म्हटलं बेअरिंग नकली असेल. तिसऱ्यांदा बेअरिंग कापून आतला मार्ग उजेडात धरला तर त्यावर एकसारख्या अंतरावर आडव्या बारीक पट्ट्या, कपडे धुवायच्या लाकडी पाट्यावर असतात तशा. असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते बेअरिंग घेऊन मी एका महाविद्यालयात गेलो. तिथे लॅब बंद होती, आणि ऑफिसात सांगितलं की प्रिन्सिपल साहेबांच्या नावे अर्ज द्या, प्रपोजल द्या, मग बघू. मी अर्ज दिला. उत्तर आलं नाही.

उत्तर दिलं त्याच काटोलच्या मुलीने, तोवर ती पुण्याला नोकरीला लागली होती. फोटो पाहून ती म्हणाली, ही वीज आहे काका, ग्रीस नाही. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा स्विच होतो तेव्हा तिन्ही फेजचं मिळून शून्य होत नाही, एक सामाईक व्होल्टेज उरतं. स्टेटर आणि रोटरमधली हवेची फट कपॅसिटरसारखी वागते आणि रोटरवर, शाफ्टवर ते व्होल्टेज चढतं. बेअरिंगमधला ग्रीसचा पातळ थर ते काही वेळ अडवतो, मग फुटतो आणि तिथे सूक्ष्म ठिणगी पडते. लाखो ठिणग्यांनी त्या पट्ट्या खोदल्या जातात. इलाज सांगितला: शाफ्टला अर्थ करणारा ब्रश किंवा रिंग, एका बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग, ड्राइव्हपासून मोटरीपर्यंत शील्ड असलेली केबल आणि नीट अर्थिंग. ब्रश आम्ही दुकानातच बनवून बसवला. मोटर चालते आहे.

हे ज्ञान नवं नाही, मला ठाऊक आहे. आयजीबीटीचे ड्राइव्ह कारखान्यांत पसरले तेव्हापासून, १९९० च्या दशकापासून, यावर जगभर पेपर आले आहेत. तरीही ते कामठी रोडपर्यंत पोचायला एका मुलीचा फोन लागला. शहरात इतकी महाविद्यालयं असताना ते या वाटेने यावं, याचं मला वाईट वाटतं. त्या अनुत्तरित अर्जापेक्षाही जास्त.

वाटाण्याएवढी काळी जागा आणि वितळलेला मणी. त्याबद्दल माझा अंदाज सांगतो आणि तो तपासून हवा आहे. आयजीबीटी शून्यावरून पूर्ण व्होल्टेजला मायक्रोसेकंदाच्या साधारण दहाव्या भागात जातो. ती चढण केबलमधून प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने धावते, मोटरीच्या टर्मिनलवर आपटते आणि परत फिरते. केबल सात-आठ मीटरपेक्षा लांब असली की आपटलेली लाट आलेल्या लाटेवर चढते आणि टर्मिनलवर दुप्पट व्होल्टेज उभं राहू शकतं. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आतलं डीसी व्होल्टेज (डीसी बस) सुमारे ५८५ व्होल्ट, म्हणजे मोटरीला झटके अकराशे-बाराशे व्होल्टचे. तेही सगळ्या कॉइलमध्ये वाटून जात नाहीत, पहिल्या काही टर्नांवरच त्यांचा मोठा वाटा पडतो. नेमक्या तिथेच मला मणी सापडतो.

सोलर पंपाच्या बोअरमध्ये केबल सात-आठ मीटर नसते, ती दोनशे-तीनशे फूट खाली जाते. बोअरची मोटर पाण्यात असते, तिला उन्हाचा त्रास नाही, तिच्यावर पॉली-वाइंडिंगची, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाची, चांगली तार असते. मग ती का जाते? सोलर पंपांसाठी केंद्राची कुसुम योजना २०१९ ला आली, त्यानंतर राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आली. विदर्भात आज गावोगावी पॅनल उभे आहेत आणि प्रत्येकाखाली एक इन्व्हर्टर, भर उन्हात, लोखंडी डब्यात. आजवर तारेने थेट जोडलेली मोटर वापरणारा शेतकरी एका पिढीत ड्राइव्हवर आला आहे. हा बदल किती मोठा आहे! काही कंट्रोलरमध्ये फिल्टर असतो, काहींत नसतो. बाहेर फिल्टर लावायचा तर कोणत्या मापाचा, किती रुपयांत बनेल, मोटरीचं आयुष्य खरंच वाढेल का, हे मला मोजता येत नाही. माझ्याकडे इन्सुलेशन तपासायचा मेगर आहे, करंट मोजायचा टाँग टेस्टर आहे. बाराशे व्होल्टचा दहाव्या मायक्रोसेकंदाचा झटका पकडायचा तर ऑसिलोस्कोप आणि हाय व्होल्टेजचा डिफरन्शियल प्रोब लागतो. तो तुमच्या कपाटात आहे. आयजीबीटीच्या जागी सिलिकॉन कार्बाइडचे स्विच येत आहेत, ते याहून कितीतरी झपाट्याने चालू-बंद होतात. तेव्हा दोन मीटरची केबलही लांब ठरेल.

डब्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरलाही तोच दहा अंशांचा हिशेब लागू आहे. पॅनलच्या सावलीत पण जमिनीपासून हातभर उंचीवर टांगलेला कंट्रोलर आणि छातीएवढ्या उंचीवरचा कंट्रोलर यांच्यात किती अंशांचा फरक पडतो, एवढी साधी गोष्ट जरी कोणी उन्हाळाभर मोजून दिली तरी बसवणाऱ्या पोरांना लगेच सांगता येईल. ई-रिक्षांचंही तसंच. सीताबर्डीपासून मेडिकल चौकापर्यंत दिवसभर फिरणाऱ्या ई-रिक्षांचे कंट्रोलर मे-जूनमध्ये दुकानात ढिगाने येतात. उघडले की आतला मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच फुटलेला. सीटखाली हवा खेळत नाही, डांबराची धग खालून येते, आणि उड्डाणपुलाची चढण लागली की करंट वाढतो.

कूलरबद्दल थोडंच, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी या शहरात दर उन्हाळ्यात येते, त्यात लहान मुलंही असतात. आता कूलरमध्येही बीएलडीसी, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या, मोटरी येऊ लागल्या आहेत. वीज कमी खातात, चांगलं आहे. ओलाव्यात, पाण्याच्या खाऱ्या थरात, अर्थिंग नसलेल्या घरात त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स कसं वागतं आणि गळती करंट किती निघतो, हे मोजायला नागपूरपेक्षा योग्य शहर कोणतं?

तुम्ही म्हणाल, यातून पेपर निघत नाही, आणि पेपराशिवाय प्रमोशन नाही, पीएच.डी. नाही. ही अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण विचार करा, ४५-४७ अंशांच्या उन्हाळ्यात महिनाभर चाललेल्या शंभर मोटरींचं मोजमाप जर्मनीतल्या प्रयोगशाळेला हवं असलं तरी मिळणार नाही. तुम्हाला ते बसने जाऊन मिळतं. जगातली जवळपास ४५ टक्के वीज मोटरींनी चालणाऱ्या यंत्रांत जाते असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०११ सालचा अंदाज होता, आणि या मोटरींचा मोठा भाग आपल्यासारख्या तापणाऱ्या देशांत असणार आहे. पैशाचंही पाहा. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने विद्युत वाहनांसाठी जी मोहीम काढली, तिच्या तीन शाखांपैकी एक सरळ पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मशीन्स आणि ड्राइव्हची आहे, आणि बॅटरीच्या शाखेच्या नावातच 'ट्रॉपिकल' हा शब्द आहे. उष्ण प्रदेशाचा शब्द दिल्लीने कागदावर घातला. त्याचा अर्थ भरून देणं नागपूरला जमलं पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांची धांदल उडाली. डिस्प्रोसियम ई-वाहनांच्या मोटरींतल्या चुंबकात घालतात ते उष्णतेत त्याचं चुंबकत्व टिकावं म्हणून. म्हणजे जितकं ऊन जास्त, तितकी त्या धातूवरची आपली भिस्त जास्त. चुंबकाविना चालणारी सिंक्रोनस रिलक्टन्स मोटर, स्विच्ड रिलक्टन्स मोटर, यांच्यावर तुमच्याकडे काम होतं हे मी वाचलं आहे. ती आमच्या शेडमध्ये आणून चालवा. मी जागा देतो, मिस्त्री देतो, वाइंडिंग हाताने घालून देतो.

आमच्या बाजूच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. भट्टी म्हणतो ती अनेक दुकानांत साधी आग असते. वर स्टेटर, खाली लाकूड किंवा गॅसची ज्योत. तापमान कोणी मोजत नाही. स्टेटरचा गाभा ज्या पातळ पत्र्यांचा (स्टॅम्पिंगचा) बनतो, त्यांच्यामधला इन्सुलेशनचा थर ३६०-३७० अंशांच्या पुढे खराब होतो, पत्रे एकमेकांना लागतात, आणि मग मोटर भरून नवी झाली तरी गाभ्यातच जास्त वीज खाते आणि जास्त तापते. बाजारात नेमक्या नंबरची तार मिळाली नाही की जवळची घातली जाते. माझ्या दुकानात आता भट्टीला तापमापक आहे, पण आधीच्या वर्षांत मी किती स्टेटर असे खराब केले असतील, याचा विचार आला की अस्वस्थ होतो. दर महिन्याला एक दिवस तुमच्या मशीन लॅबमध्ये रिकामे स्टेटर तपासून मिळाले, गाभ्यात वाया जाणारी वीज भट्टीआधी आणि भट्टीनंतर मोजून मिळाली, तर आम्ही दुकानदार रांग लावू. स्टेटरच्या गाभ्यातून चार वेटोळी घालून व्होल्टेज द्यायचं, वॉट मोजायचे, कुठे गरम होतं ते हाताने बघायचं. तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना ते प्रॅक्टिकल म्हणूनही होईल. आणि निकाल मराठीत, एका पानावर, भिंतीवर चिकटवता येईल असा द्या.

माझ्या वह्या मी द्यायला तयार आहे. गिऱ्हाइकांची नावं झाकून, बाकी सगळं. फोटो काढा, संगणकात चढवा, शेवटच्या रकान्यातलं माझं अक्षर लागलं नाही तर शेजारी बसून वाचून दाखवतो. मला प्रपोजल लिहिता येत नाही, ते तुम्ही लिहा. तुमच्यातल्या एकाच विद्यार्थ्याला वर्षभर आठवड्यातून एक सकाळ पाठवलंत, तरी भट्टीत जाण्याआधी प्रत्येक स्टेटरचा फोटो, रेझिस्टन्स आणि जळाल्याचा प्रकार नोंदला जाईल.

सध्या दुकानात मागच्या बाजूला चार स्टेटर काढून ठेवले आहेत. दोन सोलर पंपाचे, त्याच वाटाण्याएवढ्या जागेचे. एक जिनिंगमधला, स्लॉटांत सरकीचा कापूस ठासून भरलेला. एक पारशिवनीकडचा, ज्यात तिन्ही फेजच्या कॉइली तीन वेगवेगळ्या रंगांच्या झाल्या आहेत आणि असं का व्हावं ते मला कळलेलं नाही. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे. मालकांना दुसरे स्टेटर भरून दिले, त्यामुळे घाई नाही. दिवाळीपर्यंत हे चार भट्टीत घालणार नाही. दुकान सकाळी दहाला उघडतं, सोमवारी बंद असतं. येताना प्रोब घेऊन या.

आपला,
एक मोटर भरणारा,
कामठी रोड, नागपूर